व्हर्च्युअल ॲनालॉग सिंथ घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी व्हर्च्युअल ॲनालॉग सिंथ (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य) वाजवते आहे, त्यावर आवाज बनवते आहे. नव्याने या वाटेला आलेली मंडळी जे विचारतात त्यात काही प्रश्न दर वेळी असतातच. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. दर वेळी पूर्ण नाव घेण्याऐवजी पुढे मी नुसतं "व्हीए" म्हणेन.

व्हर्च्युअल ॲनालॉग म्हणजे नेमकं काय?

ॲनालॉग सिंथमध्ये आवाज विजेच्या दाबातून तयार होतो. ऑसिलेटरचं सर्किट करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी लहर काढतं, फिल्टर तिचा वरचा झगझगीत भाग छाटतो, आणि आवाज कसा उमटावा, किती टिकावा, कसा विरावा हे एन्व्हलप ठरवतो. व्हीएमध्ये मांडणी हीच असते, फक्त सर्किटच्या जागी हिशेब असतो. आतली डीएसपी चिप (आवाजाचं गणित करणारी खास चिप) सेकंदाला हजारो वेळा गणित करते: या क्षणी इथे खरं सर्किट असतं, तर विजेचा दाब किती असता? त्या आकड्यांचा शेवटी आवाज होतो.

आत कुठल्याही वाद्याचं रेकॉर्डिंग साठवलेलं नसतं. तुम्ही पट्टी दाबता त्या क्षणी स्वर नव्याने घडतो, आणि म्हणूनच तो घडत असताना त्यात हात घालता येतो. माझ्या लेखी या वाद्याचा सगळा जीव इथेच आहे.

म्हणजे यावर पियानो, तबला, व्हायोलिन वाजणार नाही?

नाही. ते हवं असेल तर रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारा कीबोर्ड घ्या. काही वाद्यांमध्ये दोन्ही असतं, पण निव्वळ व्हीएकडून पियानोची अपेक्षा ठेवली तर पहिल्याच दिवशी निराशा होईल. तालाची साथ देणारा अरेंजर कीबोर्डही वेगळा.

याची सुरुवात कधी झाली?

आधी ॲनालॉगच होते. १९७० च्या मिनिमूग या सिंथमधून एका वेळी एकच स्वर निघायचा. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये पाच स्वर एकत्र वाजायचे आणि तुम्ही बनवलेले चाळीस आवाज त्याच्या लक्षात राहायचे. १९८३ मध्ये यामाहाचा डिजिटल सिंथ डीएक्स७ आला आणि सगळं चित्रच पालटलं. आवाज स्वच्छ, काचेसारखा, वाद्य स्थिर. पण नॉब गेले. त्यांच्या जागी बटणं आणि बोटभर पडदा आला. फिल्टर थोडा उघडावा तसा साधा बदल करायचा तरी मेन्यूत शिरून आकडा शोधायची वेळ आली, आणि पुढची दहा-बारा वर्षं बहुतेक डिजिटल सिंथ त्याच वाटेने गेले.

१९९५ मध्ये स्वीडनच्या क्लाविया कंपनीने लाल रंगाचा नॉर्ड लीड आणला. आत डिजिटल हिशेब, पण वर प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र नॉब. "व्हर्च्युअल ॲनालॉग" हे नाव रुळलं ते याच वाद्यामुळे. त्याच वर्षी कोर्गचा प्रॉफेसी आला, तो एकस्वरी. मग रोलँडचा जेपी-८०००, यामाहाचा एएन१एक्स आणि जर्मनीतल्या ॲक्सेस कंपनीचा व्हायरस हे सगळे दोन वर्षांच्या आत पाठोपाठ आले.

हा इतिहास सांगायचं कारण असं की व्हीएचा जन्म फक्त जुन्या आवाजाच्या ओढीतून झालेला नाही. लोकांना पुन्हा हाताखाली नॉब हवे होते. व्हीएचे गुण-दोष तपासताना ही गोष्ट विसरली की मोजमाप चुकतं.

पण शेवटी ही नक्कलच ना? दुधाची तहान ताकावर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि दर वेळी मी मनापासून नाही म्हणते. "मिनिमूगसारखा वाजतो का" एवढीच कसोटी लावायची असेल तर व्हीए कायम दुसऱ्या नंबरवर राहील, कारण मिनिमूगसारखा सगळ्यात चांगला मिनिमूगच वाजतो. पण व्हीएमध्ये ज्या गोष्टी खरोखर मोलाच्या निघाल्या त्या बहुतेक सगळ्या ॲनालॉगमध्ये शक्य नव्हत्या किंवा फार अवघड होत्या.

जेपी-८००० चा सुपरसॉ घ्या. एका ऑसिलेटरच्या जागी सात करवती लहरी, एकमेकींपासून किंचित बेसूर. ॲनालॉगमध्ये हे करायचं तर एका स्वराला सात ऑसिलेटर लागतील आणि आठ स्वरांना छप्पन्न. असं वाद्य उचलायलाच चार माणसं लागतील! रोलँडने ते एका ऑसिलेटरच्या आत आणून ठेवलं, आणि ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या संगीताचा आवाज त्यावर उभा राहिला.

त्यातली आणखी एक खुबी सांगते. अभ्यासकांनी हा आवाज उलगडून पाहिला तेव्हा दिसलं की त्या लहरी गणिताच्या दृष्टीने स्वच्छ नाहीतच. त्यांच्यात डिजिटल कचरा आहे, म्हणजे हिशेबातून आलेले नको असलेले जादा सूर. रोलँडच्या लोकांनी मूळ स्वराच्या खालचा कचरा फिल्टरने कापला आणि वरचा तसाच राहू दिला. वर राहिलेला तो कचरा कानाला हवेसारखा, श्वासासारखा वाटतो. तिथे कशाचीच नक्कल नाही. डिजिटल वाद्याचा तो स्वतःचा स्वभाव आहे.

व्हीएचे खरे फायदे कोणते?

सूर हलत नाही, हा पहिला. जुन्या ॲनालॉग ऑसिलेटरना तापावं लागतं, खोलीचं तापमान बदललं की ते सरकतात. व्हीए चालू केला की त्याच क्षणी सुरात. (सगळे ॲनालॉग सरकतात हेही अर्धसत्य आहे. १९८४ च्या ज्युनो-१०६ चे ऑसिलेटर डिजिटल घड्याळाला बांधलेले होते आणि ते चांगलेच स्थिर आहेत.)

दुसरा म्हणजे स्वरांची संख्या. रोलँडच्या २०१० च्या गाया या व्हीएमध्ये चौसष्ट व्हॉइस आहेत, म्हणजे चौसष्ट स्वर एकत्र वाजू शकतात. खऱ्या सर्किटांनी इतके व्हॉइस बांधायचे तर प्रत्येकाचा ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप वेगळा जोडून सगळे एकमेकांशी जुळवावे लागतील. हिशेबाला त्याचं ओझं नाही, चिपची ताकद असेल तितके व्हॉइस.

तिसरा फायदा मला सगळ्यात प्रिय आहे: आवाज जसाच्या तसा परत मिळतो. ॲनालॉगमध्येही स्मरणशक्ती आली, पण जुन्या वाद्यांत आठवलेला आवाज त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे थोडा वेगळा लागू शकतो. व्हीएमध्ये सहा महिन्यांपूर्वी साठवलेला पॅच (सगळ्या सेटिंगसकट जपलेला आवाज) आज तोच असतो. ज्यांना एका बैठकीत आठ वेगवेगळी गाणी वाजवायची असतात त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही.

शिवाय वजन कमी, देखभाल जवळजवळ नाही, आणि एकाच वाद्यात तऱ्हेतऱ्हेचे फिल्टर. सर्किट बदलायचं तर सोल्डरिंग आलं. हिशेब बदलायचा तर एक बटण पुरतं.

व्हीएचा आवाज पातळ लागतो असं म्हणतात. खरं आहे का?

कधी खरं, कधी नुसतं ऐकीव. "पातळ", "थंड", "निर्जीव" हे शब्द इतके सैल वापरले जातात की त्यातून काही हाती लागत नाही. प्रत्यक्षात दोष कुठे असतो ते एकेक करून पाहू.

पहिला दोष म्हणजे एलियासिंग. डिजिटल वाद्य सेकंदाला लहरीचे ४४,१०० नमुने (क्षणाक्षणाचे आकडे) काढत असेल तर त्याला २२,०५० हर्ट्झच्या वरचा आवाज दाखवताच येत नाही. वरचं जे काही असेल ते आरशावर आपटल्यासारखं उलटं फिरून खाली येतं. आता ४,००० हर्ट्झची करवती लहर वाजवा, म्हणजे पियानोच्या अगदी उजव्या टोकाच्या आसपासचा स्वर. तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूर, ८,०००, १२,००० असे चढत जातात. सहावा २४,००० ला पोचतो, तो मावत नाही, म्हणून २०,१०० ला परत येतो. दहावा ४०,००० चा, तो उलटून ४,१०० ला येतो, म्हणजे मूळ स्वराच्या अगदी खेटून, बेसूर. अकरावा ४४,००० चा, तो थेट १०० हर्ट्झवर येऊन घुमतो. वाजवला एक तीव्र स्वर आणि तळाशी कुणीतरी गुणगुणतंय! हे टाळायच्या पद्धती आहेत: नमुने अनेक पटींनी जास्त काढायचे, किंवा लहरच अशी घडवायची की मर्यादेपलीकडचे उपस्वर तिच्यात नसतीलच. या दुसऱ्या वाटेवरचं महत्त्वाचं संशोधन स्टॅनफर्डमध्ये १९९६ साली झालं. आजच्या चांगल्या व्हीएमध्ये एलियासिंग शोधावं लागतं. नव्वदच्या दशकातल्या काहींमध्ये ते आपणहून भेटतं.

दुसरा दोष फिल्टरच्या रेझोनन्सचा. रेझोनन्स म्हणजे फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा त्याच फिल्टरच्या तोंडाशी नेणं. सर्किटमध्ये हे त्याच क्षणी होतं. हिशेबात अडचण येते, कारण उत्तर निघाल्याशिवाय ते परत कसं पाठवणार? साधा उपाय असा की मागच्या नमुन्याचं उत्तर वापरायचं. उशीर होतो तो सेकंदाच्या ४४,१०० व्या भागाइतका, पण कटऑफ (फिल्टर जिथून वरचा आवाज छाटतो ती जागा) वर नेला की तेवढ्यानेही रेझोनन्सचा सूर ढळतो, शिट्टी कर्कश होते. नव्या वाद्यांत हे समीकरण सोडवायच्या चांगल्या पद्धती असतात, त्यामुळे आधुनिक फिल्टर जास्त ओलसर, जास्त गोल वाटतात.

तिसरा दोष अति-नेमकेपणाचा. ॲनालॉगमध्ये पाच व्हॉइस म्हणजे पाच वेगळी सर्किटं, प्रत्येकाचा थोडासा वेगळा स्वभाव. व्हीएमध्ये पाचही व्हॉइस जुळी भावंडं. कॉर्ड धरून ठेवली की तिच्यात हालचाल राहत नाही. बहुतेक व्हीएमध्ये यावर काही ना काही उतारा असतो, किंचित बेसूरपणा घालणारी एखादी सेटिंग असते. ती नसेल तर एक संथ एलएफओ (सूर हळूहळू वर-खाली हलवणारी लहर) सुरावर लावा, अगदी जेमतेम जाणवेल इतका. कॉर्ड लगेच श्वास घेऊ लागते.

घेण्याआधी कसं तपासायचं?

सगळ्यात आधी इफेक्ट बंद करा. रिव्हर्ब, डिले, कोरस, सगळं. कंपनीने भरून दिलेले आवाज या तिघांच्या जोरावर मोठे वाटतात, आणि खालचा इंजिनाचा आवाज ऐकूच येत नाही.

मग अगदी साधा पॅच घ्या: एक ऑसिलेटर, करवती लहर, फिल्टर पूर्ण उघडा. वरच्या टोकाची पट्टी दाबा आणि पिच बेंड (सूर वर-खाली ओढायची कळ) हळूहळू वर न्या. सगळं वर जायला हवं. स्वर वर चढताना त्याच्या मागे काहीतरी खाली घसरत जाताना ऐकू आलं, तर ते एलियासिंग. माझ्या मते कान शिकवायला याहून चांगला धडा नाही. एकदा ते घसरणं ओळखता आलं की पुढे कुठल्याही वाद्यात ते लपत नाही.

त्यानंतर रेझोनन्स जवळजवळ पूर्ण वर, आणि कटऑफचा नॉब फार सावकाश फिरवा. आवाज सलग सरकतो की जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने? मिडीच्या (वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेच्या) साध्या संदेशात आकडे ० ते १२७ एवढेच असतात. फिल्टर दहा सप्तकं व्यापत असेल तर एका पायरीत जवळजवळ एक अर्धस्वर येतो. चांगली वाद्यं मधली जागा गुळगुळीत भरून काढतात. जी काढत नाहीत त्यांच्यात फिल्टर फिरवायचा आनंदच उरत नाही, आणि व्हीए घ्यायचं निम्मं कारण तर तो आनंद आहे.

शेवटी एन्व्हलप. अटॅक (आवाज चढायचा वेळ) शून्यावर, डीके (तो उतरायचा वेळ) अगदी छोटा, आणि पट्टी टकटक वाजवा. आवाज टणत्कारासारखा उमटायला हवा. मऊ, उशिरा आल्यासारखा वाटला तर त्या वाद्यावर बेस आणि तालवाद्याचे आवाज नीट बनणार नाहीत.

या चार गोष्टींना दहा मिनिटं पुरतात. तयार पॅच मागाहून ऐका.

नॉबला हात लावला की आवाज उडी मारतो. वाद्य बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. पॅच बदलला की आतला आकडा बदलतो, पण नॉब होता तिथेच राहतो. पॅचमध्ये कटऑफ तीसवर आहे आणि नॉब मात्र आधीच्या गाण्यात शंभरवर नेऊन ठेवलेला. त्याला नुसता स्पर्श झाला की आकडा तीसवरून शंभरवर.

हे मी श्रोत्यांसमोर अनुभवलं आहे. अगदी संथ गाणं होतं, मी एक मऊ पॅड (लांबवर धरलेला, पसरट आवाज) फिल्टर बंद ठेवून धरला होता आणि शेवटच्या ओळीला तो हळूहळू उघडायचा होता. बोट नॉबवर टेकलं आणि पॅड एकदम उघडून गायिकेच्या आवाजावर धावून गेला. त्यानंतर मी कुठल्याही वाद्याच्या सेटिंगमध्ये सगळ्यात आधी हेच बघते: नॉबची चाल कोणती? बऱ्याच वाद्यांत पर्याय असतात. एकात नॉब लगेच पकडतो आणि उडी मारतो. दुसऱ्यात नॉब साठवलेल्या आकड्यापर्यंत नेल्याशिवाय काहीच होत नाही. काहींमध्ये तिसरा प्रकार असतो, त्यात नॉब जिथे आहे तिथून उरलेल्या अंतराच्या प्रमाणात आकडा सरकतो. लोकांसमोर वाजवताना दुसरा किंवा तिसराच ठेवा.

यावर खरा इलाज २००१ च्या नॉर्ड लीड ३ मध्ये केला होता. नॉब गोल गोल फिरत राहणारे आणि प्रत्येकाभोवती दिव्यांचं कडं. पॅच बदलला की दिवे बदलतात. हे सगळ्याच वाद्यांत का नसतं? खर्च वाढतो म्हणून. वाईट वाटतं, कारण व्हीएच्या मूळ हेतूलाच ही गोष्ट सगळ्यात जास्त धक्का देते.

चार व्हॉइस पुरतात का?

पहिला नॉर्ड लीड चार व्हॉइसचा होता, २००२ चा मायक्रोकोर्गही चारचाच. बेस आणि लीडसाठी (लीड म्हणजे मुख्य सुरावट वाजवणारा आवाज) चार पुष्कळ झाले. अडचण येते ती लांब विरणाऱ्या पॅडमध्ये. तीन स्वरांची कॉर्ड सोडून तुम्ही पुढची धरता तेव्हा आधीची अजून विरत असते. तीन आणि तीन सहा, वाद्याकडे चार. मग जुने स्वर मध्येच तोडले जातात आणि ते कानाला टोचतं. दोन आवाज एकावर एक रचले तर चाराचे दोनच उरतात. दोन्ही हातांनी वाजवणार असाल तर आठ तरी हवेत, सोळा असतील तर विचारच करायला नको.

जाहिरातीतला व्हॉइसचा आकडा साध्या पॅचसाठी असतो हे लक्षात ठेवा. पॅच जड झाला की काही वाद्यांत तो खाली येतो.

छोट्या पट्ट्या चालतील का?

एका हाताने बेस किंवा लीड वाजवायचा असेल तर चालतात. पियानोची सवय असेल तर बोटं अडखळतील. सदतीस पट्ट्या म्हणजे तीन सप्तकं, दोन हातांना ती अपुरीच. वाद्य आवडलं आणि पट्ट्या नाही आवडल्या, तर मिडीने मोठा कीबोर्ड जोडता येतो.

नॉब किती असावेत?

जितके जास्त तितकं बरं, असं मी सरळ म्हणते. मायक्रोकोर्गवर आवाज घडवायला पाच नॉब आहेत आणि ते नॉब या क्षणी कशावर काम करणार ते दोन निवडचक्रांनी ठरवायचं. आवाज छान आहे, वाद्य बॅटरीवर चालतं, कुठेही नेता येतं. पण फिल्टर फिरवता फिरवता एन्व्हलप बदलावासा वाटला तर आधी चक्र फिरवा, मग नॉब शोधा. तोवर मनातला आवाज निसटलेला असतो. गायावर उलट आहे. पडदाच नाही, आणि आवाजाचा प्रवास डावीकडून उजवीकडे वरच मांडलेला. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली रचना मी फारशी पाहिलेली नाही. तिची मर्यादाही तिथेच कळते: जे वर मांडलेलं नाही ते शोधायला जड जातं.

लॅपटॉपवर प्लगइन (सॉफ्टवेअरचे सिंथ) असताना कीबोर्ड कशाला?

आवाजापुरतं बोलायचं तर कारण फारसं उरलेलं नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरची ताकद जुन्या डीएसपी चिपच्या कितीतरी पुढे आहे, आणि चांगले प्लगइन पुष्कळशा व्हीएपेक्षा नेमकं सर्किट उभं करतात. नव्वदच्या दशकात व्हायरससारख्या वाद्यात मोटोरोलाच्या ५६३०० मालिकेची चिप असायची. तेव्हाच्या घरगुती संगणकाला हे काम झेपणं कठीण होतं, म्हणून वेगळं वाद्य लागायचं. ते कारण आज नाही.

राहिलं ते हाताचं कारण, आणि मला ते पुरेसं वाटतं. माऊसने एका वेळी एकच गोष्ट हलते. वाद्यावर डावा हात कटऑफवर, उजवा पट्ट्यांवर, करंगळी रेझोनन्सकडे सरकते आहे आणि नजर कुठेच नाही, फक्त कान. काही महिन्यांनी हाताला नॉबच्या जागा पाठ होतात. त्यानंतर आवाज घडवणं आणि वाजवणं या दोन वेगळ्या क्रिया राहत नाहीत. तुम्ही आवाज एकदा बनवून पुढे त्याला हातच लावत नसाल, तर मात्र प्रामाणिकपणे सांगते, प्लगइन घ्या.

जुना, वापरलेला व्हीए घेणं शहाणपणाचं आहे का?

आहे, पण डोळे उघडे ठेवून. ॲनालॉगमधली सूर-जुळवणीची कटकट इथे नाही, तरीही वय दिसतंच. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मध्येच आकडा थरथरला किंवा उडाला तर नॉबखालचा पॉट (फिरणारा भाग) झिजलाय किंवा त्यात धूळ बसली आहे. पट्ट्या एकेक करून हलक्या आणि जोरात दाबा. पडदा सगळ्या कोनांतून वाचता येतो का पाहा. रबराचा लेप असलेले नॉब वयानुसार चिकट होतात, ते साफ करता येतात, पण वेळ जातो.

आणि बॅटरी. त्या काळच्या अनेक वाद्यांत साठवलेले आवाज जपायला आत नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की मूळ कारखान्यातले आवाज उरतात, तुमचे जातात. माझ्या एका वाद्यात दोन वर्षं जमवलेले पॅच होते. एका सकाळी चालू केलं तर पहिल्या जागेवर अनोळखी आवाज, दुसऱ्यावरही. शेवटपर्यंत चाळलं, एकही माझा नाही. त्यातला एक पॅच आजतागायत मला पुन्हा जमलेला नाही. तेव्हापासून नवा आवाज झाला की त्याच रात्री मिडीच्या सिसेक्सने (वाद्यातला सगळा साठा पाठवणाऱ्या संदेशाने) संगणकावर उतरवून ठेवते. वाद्य वापरलेलं घेतलंत तर बॅटरी आधी बदला, आणि ती बदलण्याआधी आतलं सगळं उतरवून घ्या.

आणखी एक दोष लोकांच्या ध्यानात येत नाही. ॲनालॉगचे सुटे भाग बरेचदा मिळतात किंवा त्यांना पर्याय असतो. व्हीएची मुख्य चिप गेली आणि ती बाजारात नसेल, तर दुरुस्ती तिथेच थांबते.

शिकायला व्हीए चांगला का?

फार चांगला. सगळं रिकामं करणारा "इनिट" पॅच घ्या आणि तयार आवाजांकडे महिनाभर फिरकू नका. एक लहर, एक फिल्टर, एक एन्व्हलप. त्यातून बेस काढा, मग बासरीसारखं काही, मग वारा. इथे शिकलेलं कुठल्याही ॲनालॉगवर किंवा प्लगइनवर तसंच्या तसं चालतं.

मग ॲनालॉग कुणी घ्यावा?

ज्याला एकाच आवाजाच्या टोकाशी राहायचंय त्याने. ऑसिलेटरने फिल्टरला ऐकू येण्याच्या वेगाने हलवायचं, मिक्सरमध्ये लहरी कोंबून आवाज फाटेपर्यंत न्यायचं, अशा ठिकाणी हिशेब सर्वांत लवकर उघडा पडतो, कारण तिथे क्षणाक्षणाला प्रचंड नवे उपस्वर जन्मतात आणि आरशावर आपटून परत येतात. सर्किटला तो आरसाच नाही. तुमचं संगीत तिथे राहत असेल तर दोन-चार व्हॉइसचा ॲनालॉग घ्या. २०१६ च्या कोर्ग मिनिलॉगपासून चार व्हॉइसचे ॲनालॉग पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाहीत.

मी स्वतः बेस ॲनालॉगवर वाजवते आणि त्यावरचे रुंद पॅड व्हीएवर. एकाच कॉर्डमध्ये खालचा स्वर किंचित हलणारा आणि वरचे सात-आठ अगदी स्थिर असले की दोघांच्या मधे जी जागा तयार होते, तिथे गाणाऱ्याचा आवाज छान बसतो.